स्लॉट रिकामा असताना

सिस्को कंपनीच्या आयओएस या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या राउटरमध्ये, म्हणजे नेटवर्क एकमेकांशी जोडणाऱ्या यंत्रात, कॉन्फिगरेशनच्या, म्हणजे लिहून ठेवलेल्या सेटिंगच्या, दोन प्रती असतात. एक रॅममध्ये, जिच्यावर यंत्र त्या क्षणी चालत असते, आणि दुसरी एनव्हीरॅममध्ये, म्हणजे वीज गेली तरी पुसली न जाणाऱ्या मेमरीत, जी यंत्र सुरू होताना वाचली जाते. पहिलीला रनिंग-कॉन्फिग म्हणतात (‘शो रन’ या आज्ञेने ती पाहता येते) आणि दुसरीला स्टार्टअप-कॉन्फिग. दिलेली कमांड पहिल्या प्रतीत तत्काळ लागू होते, पण दुसऱ्या प्रतीत उतरण्यासाठी कोणीतरी मुद्दाम ‘राइट मेमरी’ ही आज्ञा द्यावी लागते. शिकाऊ इंजिनिअरला एवढे पहिल्याच आठवड्यात कळते, आणि बहुधा तिथेच त्याचे शिक्षण थांबवले जाते. काम झाले की राइट मारायचे, निघण्याआधी राइट मारायचे, शंका आली तरी राइट मारायचे, असे त्याला पढवले जाते. ज्या यंत्राची सगळी पोर्ट एकाच बोर्डावर पक्की बसवलेली असतात, त्याच्यापुरता हा सल्ला बरा आहे. ज्या यंत्रात कार्डे काढता-घालता येतात, तिथे मात्र तो मला नेहमीच अर्धवट वाटत आला आहे.

असे यंत्र म्हणजे मुळात एक रिकामी चौकट असते. २००४ मध्ये बाजारात आलेला सिस्को ३८४५ घेतला, तर त्याच्या पाठीमागे मोठ्या मॉड्यूलसाठी ४ आणि लहान कार्डांसाठी ४ जागा असत, आणि त्यांत काय बसवायचे हे ज्याच्या-त्याच्या गरजेवर ठरे. कोणी इथरनेटची पोर्ट बसवी, कोणी टेलिफोनची, कोणी लीज्ड लाईनची, म्हणजे भाड्याने घेतलेल्या कायमच्या जोडणीची. कॉन्फिगरेशनमधली ओळ मात्र कार्डाला उद्देशून लिहिलेली नसते, ती जागेला उद्देशून असते. ‘सिरियल २/०:७’ याचा अर्थ स्लॉट २ मधल्या कार्डाच्या शून्य क्रमांकाच्या पोर्टवरचा सात क्रमांकाचा चॅनल. त्या जागी कोणते कार्ड आहे, ते कालचेच आहे की बदललेले, किंवा मुळात काही आहे की नाही, याची त्या ओळीला कल्पना नसते. टपाल घर क्रमांकावर येते आणि घरात कोणी राहते की नाही हे पोस्टमनला दाराशी गेल्यावरच कळते, तसाच हा व्यवहार आहे.

राउटर सुरू होतो तेव्हा तो स्टार्टअप-कॉन्फिग वरून खाली, एकेक ओळ वाचत जातो, जणू कोणी कीबोर्डवर बसून त्या ओळी टंकत आहे. स्लॉट २ रिकामा असेल, तर त्या स्लॉटचा उल्लेख करणारी ओळ आली की कन्सोलवर, म्हणजे यंत्राला थेट केबलने जोडलेल्या पडद्यावर, ती ओळ उमटते, तिच्या खाली जिथे वाचन अडले नेमक्या त्या अक्षराखाली एक छोटे टोकदार चिन्ह येते, आणि त्याखाली ‘इनव्हॅलिड इनपुट’ असा शेरा येतो. यंत्र पुढच्या ओळीकडे वळते. सगळे वाचून झाले की जे पटले ते रनिंग-कॉन्फिगमध्ये असते आणि जे पटले नाही ते कुठेच नसते. एनव्हीरॅममधला मूळ मजकूर मात्र जसाच्या तसा शाबूत असतो. यंत्र बंद करून कार्ड परत बसवले आणि पुन्हा सुरू केले, तर त्याच ओळी या वेळी विनातक्रार स्वीकारल्या जातात. म्हणजे कार्ड नसतानाच्या काळात त्या कार्डाची आठवण फक्त स्टार्टअप-कॉन्फिगमध्ये जिवंत असते, आणि तिला मारण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ‘राइट मेमरी’. कारण ही आज्ञा जुन्या मजकुरात नवी भर घालत नाही, जुना मजकूर टाकून त्याच्या जागी चालू मजकूर ठेवते.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात हे घडलेले मी जवळून पाहिले. तो काळ शाखा ६४ किलोबिटच्या लीज्ड लाईनवर चालण्याचा होता. गावोगावच्या शाखांकडून निघालेल्या या बारीक लाईनी दूरसंचार कंपनीच्या एक्सचेंजमध्ये एकत्र बांधल्या जात आणि मुख्य कार्यालयात एकेका ई-वनवर येत. ई-वन म्हणजे २.०४८ मेगाबिटची लाईन. तिचे ६४ किलोबिटचे ३२ टाइमस्लॉट असतात, त्यांतला शून्य क्रमांकाचा फ्रेमिंगसाठी राखीव असतो आणि उरलेल्या ३१ मध्ये शाखा वाटून दिलेल्या असतात. कोणता टाइमस्लॉट कोणत्या शाखेचा हे राउटरच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेले असते, आणि माणसाला कळावे म्हणून ‘डिस्क्रिप्शन’ या ओळीत शाखेचे नाव घातलेले असते. पावसाळ्यात वीज पडली आणि स्लॉट २ मधले ई-वनचे कार्ड गेले. स्थानिक पुरवठादाराच्या माणसाने बॉक्स बंद करून कार्ड काढून नेले, दुसऱ्या कार्डावरच्या शाखा पुन्हा सुरू झाल्या, आणि ज्या शाखा लटकल्या त्यांनी डायल-अपवर दिवस काढले. यथावकाश नवे कार्ड आले, बसवले, आणि बँकेच्या ईडीपी, म्हणजे संगणक, विभागातून फोन आला.

“साहेब, कार्ड बसवलंय. शो इन्व्हेंटरीमध्ये दिसतंय. पण एकही शाखा वर येईना.”

“शो रनमध्ये स्लॉट दोनच्या ओळी आहेत का?”

“नाहीत हो. आणि स्टार्टअपमध्येपण नाहीत.”

“जुनं कार्ड काढल्यानंतर राइट कोणी मारलं होतं?”

“राइट तर आम्ही रोज संध्याकाळी मारतो, साहेब. पहिले इंजिनिअर तसं लिहूनच गेलेत.”

ते लिहिलेले मी पुढे पाहिलेही. दिवसअखेरीच्या कामांची यादी होती, टेप बॅकअप आणि यूपीएसची नोंद यांच्यामध्ये ‘राउटर – राइट मेम’ अशी ओळ होती आणि तिच्यापुढे रोजची सही. शिस्तीत कसूर नव्हतीच. कार्ड काढल्याच्या पहिल्याच संध्याकाळी ती शिस्त पाळली गेली आणि स्लॉट २ च्या सगळ्या शाखा, त्यांच्या टाइमस्लॉटसह, एनव्हीरॅममधून पुसल्या गेल्या. पुढच्या प्रत्येक संध्याकाळी त्या पुसलेपणावर पुन्हा एक सही होत राहिली.

जुना मजकूर शेवटी मिळाला तो पुरवठादाराच्या एका माणसाच्या लॅपटॉपवर, पुट्टी या टर्मिनल प्रोग्रामच्या लॉगमध्ये. त्याने कधीतरी दुसऱ्याच कामासाठी ‘शो रन’ दिले होते आणि लॉग चालू राहिला होता. तो पूर्णपणे ताजा नव्हता, मधल्या काळात काही शाखांचे टाइमस्लॉट बदललेले होते, ते एक्सचेंजला फोन करून एकेक पडताळावे लागले. पण मजकूर हाती आल्यावर खरे नाजूक काम सुरू होते. साठवलेला मजकूर परत यंत्रात ओतणे दिसते तितके सरळ नसते.

चॅनलाइज्ड, म्हणजे लाईनचे टाइमस्लॉट वेगळे काढता येणारे, कार्ड बसवल्यावर त्याला आधी सांगावे लागते की तू ई-वन आहेस. तेच कार्ड अमेरिकेत टी-वन म्हणून चालते, त्यामुळे ‘कार्ड टाइप’ ही ओळ दिल्याखेरीज त्याचे कंट्रोलर, म्हणजे लाईन सांभाळणारे भाग, दिसतच नाहीत. कंट्रोलर दिसले की त्यांत टाइमस्लॉटचे गट बांधायचे, गट बांधला की त्या गटाचा सिरियल इंटरफेस, म्हणजे त्या शाखेच्या जोडणीचे राउटरवरचे टोक, जन्माला येतो, आणि इंटरफेस जन्माला आल्यावरच त्याला आयपी पत्ता देता येतो. हा क्रम चुकवून सगळा मजकूर एका झटक्यात पेस्ट केला, तर ‘इंटरफेस सिरियल २/०:७’ ही ओळ नाकारली जाते आणि टर्मिनल आधीच्याच इंटरफेसमध्ये उभे राहते. त्याच्या पाठोपाठ येणारी ‘आयपी अॅड्रेस’ ही ओळ मग त्या आधीच्या इंटरफेसला लागू होते, आणि तो आधीचा इंटरफेस मुख्य कार्यालयाच्या लॅनचा, म्हणजे आतल्या नेटवर्कचा, असेल, तर आपण ज्या फांदीवर बसलो आहोत तीच तुटते. यंत्र यावर काही बोलत नाही. त्याच्या दृष्टीने एका इंटरफेसला नवा पत्ता दिला गेला, इतकेच. म्हणून अशा वेळी कन्सोल केबल लावून, मजकुराचे लहान लहान तुकडे करून, प्रत्येक तुकड्यानंतर काय नाकारले गेले ते वाचत पुढे जाण्याला पर्याय नाही. त्या दिवशी आम्ही तसेच केले आणि शाखा एकेक करून वर येत गेल्या.

साठवलेल्या मजकुरात काय नसते, हाही विषय तितकाच महत्त्वाचा आहे. राउटरवरचा चालू इंटरफेस ‘नो शटडाउन’ असतो, पण आयओएस ही ओळ मजकुरात दाखवत नाही, कारण बंद असणे हीच तेवढी नोंद घेण्याजोगी गोष्ट ते मानते. कारखान्यातून आलेल्या नव्या राउटरचे इंटरफेस मात्र मुळातच बंद असतात. जुन्या यंत्राचा सगळा मजकूर नव्यात नीट ओतला, एकही ओळ नाकारली गेली नाही, आणि तरी सगळी पोर्ट मेलेली, हा अनुभव या धंद्यातल्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. दुरून सुरक्षितपणे यंत्रात शिरण्यासाठी लागणाऱ्या एसएसएचच्या किल्ल्या ‘शो रन’मध्ये दिसत नाहीत, त्या नव्याने बनवाव्या लागतात आणि मग जोडणारा प्रत्येक संगणक यजमानाची ओळख बदलल्याची ताकीद देतो. सिस्कोच्या जुन्या कॅटॅलिस्ट स्विचमध्ये व्हीटीपी (व्हीलॅनची यादी स्विचांमध्ये वाटणारी पद्धत) सर्व्हर किंवा क्लायंट म्हणून चालताना व्हीलॅनची, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेल्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कची, यादी कॉन्फिगरेशनमध्ये नसतेच, ती व्हीलॅन डॉट डॅट नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असते. त्यामुळे ‘राइट इरेज’ ही साठवलेला मजकूर पुसणारी आज्ञा देऊन स्विच कोरा केला असे समजणारा माणूस रीलोडनंतर जुने व्हीलॅन तसेच पाहून चक्रावतो. आणि या सगळ्याच्या वर कॉन्फिग-रजिस्टर आहे, म्हणजे यंत्राने कसे उठायचे हे ठरवणारा आकडा, ज्याची नेहमीची किंमत हेक्समध्ये २१०२ असते आणि पासवर्ड विसरल्यावर ती २१४२ करतात, म्हणजे एनव्हीरॅममधला मजकूर न वाचताच यंत्र उठते. काम झाल्यावर ती पूर्ववत करायची राहिली, तर यंत्र महिनोन्‌महिने सुरळीत चालते. पुढे कधीतरी वीज जाऊन येते आणि ते कोऱ्या पाटीने उठते, मजकूर एनव्हीरॅममध्ये जसाच्या तसा असूनही.

सुपरवायझर कार्डे, म्हणजे सगळ्या यंत्राला चालवणारी कार्डे, दोन असलेल्या मोठ्या चासींमध्ये (कार्डे बसवायच्या चौकटींमध्ये), कॅटॅलिस्ट ६५०० सारख्या, हा प्रश्न आणखी एक वळण घेतो. तिथे कॉन्फिगरेशन ज्यात साठते तेच कार्ड काढता-घालता येणारे असते. प्रत्येक सुपरवायझरला स्वतःची एनव्हीरॅम असते. एक काम करत असतो, दुसरा तयारीत उभा असतो, आणि काम करणारा आपली स्टार्टअप-कॉन्फिग दुसऱ्याकडे पोचवत राहतो. दुरुस्तीहून परतलेले किंवा दुसऱ्या जागेवरून उचलून आणलेले सुपरवायझर कार्ड आपल्याबरोबर आपला भूतकाळ घेऊन येते. चासी चालू असताना ते बसवले, तर ते निमूटपणे दुय्यम होते आणि चालू असलेल्याकडून सध्याचा मजकूर घेते. चासी बंद करून बसवले आणि मग दोन्ही एकदम सुरू केली, तर आधी जे उठेल ते मुख्य होते, आणि ते जर परके निघाले, तर दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीचे कॉन्फिगरेशन या चासीवर लागू होऊन वर दुसऱ्या कार्डावरही उतरते. ‘सुरक्षिततेसाठी बंद करून बसवूया’ ही सूचना इलेक्ट्रिशियनच्या तोंडी शहाणपणाची असते. इथे तीच घातक ठरते.

हे सारे आयओएसच्या घडणीतून येते, आणि इतरांनी वेगळी घडणही केलेली आहे. ज्युनिपरच्या जुनॉसमध्ये आपण जे लिहितो ते आधी उमेदवार प्रतीत जाते, ‘कमिट’ म्हटल्यावर ते लागू होते आणि त्याच क्षणी साठवलेही जाते. चालू आणि साठवलेले यांत फरक पडायला जागाच उरत नाही. स्लॉट रिकामा असला तरी त्याच्या ओळी मजकुरात राहतात, कार्ड आले की त्या कामाला लागतात. शिवाय चालू धरून मागच्या एकूण ५० प्रती, शून्यापासून ४९ पर्यंत, जपलेल्या असतात आणि ‘रोलबॅक’ने त्यांतली कोणतीही परत आणता येते. सिस्कोनेही आयओएस एक्सआरमध्ये हाच रस्ता धरला, आणि गैरहजर कार्डाच्या ओळींना तिथे ‘प्रीकॉन्फिगर’ असा शब्द लावून वेगळे ओळखूही दिले. एचपीच्या प्रोकर्व्ह ५४०० झेडएल स्विचमध्ये तर मजकुरात ‘मॉड्यूल १ टाइप जे८७०२ए’ अशी ओळच असते, म्हणजे कोणत्या जागी कोणत्या जातीचे मॉड्यूल अपेक्षित आहे हे यंत्र लिहूनच ठेवते.

मला विचाराल तर गैरहजर कार्डाची आठवण ठेवणारी पद्धत निर्विवाद चांगली आहे. मात्र तिचीही एक उधारी असते. काढून टाकलेल्या कार्डाच्या ओळी वर्षानुवर्षे मजकुरात पडून राहतात, त्यांचे कारण माहीत असलेली माणसे नोकरी बदलतात, आणि कोणी त्या रिकाम्या स्लॉटमध्ये नवे कार्ड निःशंकपणे सरकवतो, तेव्हा एक विस्मृतीत गेलेला पत्ता अचानक जिवंत होतो आणि दुसरीकडे चालू असलेल्या कोणाशी तरी भिडतो. विसरणाऱ्या यंत्राबरोबर माणसाला आठवण ठेवावी लागते आणि न विसरणाऱ्या यंत्राबरोबर अधूनमधून साफसफाई करावी लागते. दुसरे काम निवांतपणे करता येते, म्हणून मला ते पत्करते.

सेव्ह न करण्याचाही एक उपयोग असतो, आणि तो जुन्या पद्धतीचा मोठा गुण आहे. दूरच्या शाखेच्या राउटरवर, ज्या लाईनवरून आपण आत शिरलो त्याच लाईनच्या सेटिंगला हात लावायचा असेल, तर अनुभवी माणूस आधी ‘रीलोड इन १०’ देतो. म्हणजे १० मिनिटांनी हा राउटर आपोआप रीबूट होईल. बदल फसला आणि संपर्क तुटला, तर चहा घ्यायचा आणि वाट पाहायची. राउटर रीबूट होतो, एनव्हीरॅममधला जुना, न बिघडलेला मजकूर वाचतो आणि लाईन परत येते. बदल जमला, तर ‘रीलोड कॅन्सल’ द्यायचे आणि मगच राइट मारायचे. या युक्तीचे सगळे बळ राइट न मारण्यात आहे. बदलाआधी बोट सवयीने राइटवर गेले तरी बिघडत नाही, बदलानंतर गेले तर जाळे फाटते. जुनॉसचे ‘कमिट कन्फर्म्ड’ हेच काम रीबूटशिवाय करते, त्याची मुदतही न सांगितल्यास १० मिनिटांचीच असते.

यंत्राबाहेरच्या बॅकअपची व्यवस्था आता सर्वांना ठाऊक आहे. रॅन्सिड हे जुने आणि ऑक्सिडाइज्ड हे त्यामानाने नवे, अशी फुकट मिळणारी दोन साधने ठरावीक वेळाने प्रत्येक यंत्रात शिरून मजकूर गोळा करतात आणि कालच्या मजकुराशी ताडून फरक नोंदवतात. त्यातली रॅन्सिडची एक गोष्ट मला विशेष भावते. ते फक्त कॉन्फिगरेशन आणत नाही, कोणत्या स्लॉटमध्ये कोणते कार्ड, कोणत्या सिरियल नंबरचे, हेही त्याच फाइलमध्ये टिपून ठेवते. फरकाच्या मेलमध्ये मग कार्ड नाहीसे झाल्याची ओळ आणि त्याच्या इंटरफेसच्या नाहीशा झालेल्या ओळी एकाखाली एक दिसतात, आणि कारण-परिणाम जुळवायला कोणाला फोन करावा लागत नाही. अर्थात ती मेल उघडणारा माणूस हवा. पुष्कळ कार्यालयांत ती एका फोल्डरमध्ये आपोआप सरकवलेली असते आणि न वाचलेल्या मेलचा आकडा वाढत असतो. शिवाय हा मजकूर जपून ठेवण्याचा आहे. त्यात ‘टाइप ७’ म्हणून दिसणारे पासवर्ड क्षणात उलगडता येतात, आणि अजूनही कित्येक ठिकाणी तो टीएफटीपीने, म्हणजे कोणाचीही ओळख न पटवता, सर्व्हरवर ढकलला जातो.

त्या बँकेत रोजची यादी बदलायला ईडीपीचे प्रमुख सहजी तयार झाले नाहीत, आणि त्यांचा मुद्दा विचार करण्याजोगा होता. “राइट बंद केलं आणि कोणी खरा बदल करून विसरला, तर रात्री लाईट गेल्यावर माझी शाखा जाणार. मग मी कोणाला विचारू?” विसरभोळ्या माणसापासून वाचवणारी सवय काढून घेतली, तर तिच्या जागी काहीतरी द्यायला हवे होते. शेवटी ठरले ते असे की, राइट मारण्यापूर्वी ‘शो आर्काइव्ह कॉन्फिग डिफरन्सेस’ द्यायचे, आणि त्यात आधी स्टार्टअप-कॉन्फिगचे, मग रनिंग-कॉन्फिगचे नाव घालायचे. साठवलेल्या आणि चालू मजकुरातला फरक त्यात अधिक-उण्याच्या खुणांनी ओळीनिशी येतो. अधिक खुणेच्या ओळी कोणाच्या ते विचारून राइट मारायचे, आणि उणे खुणेची एकही ओळ दिसली, तर ती का गेली हे समजेपर्यंत मारायचे नाही. कार्ड काढायचे असेल, तर बॉक्स बंद करण्याआधी स्टार्टअप-कॉन्फिगची प्रत तारखेच्या आणि स्लॉटच्या नावाने फ्लॅशवर ठेवायची, आणि कार्ड परत येईपर्यंत राउटरच्या दर्शनी भागावर ‘राइट मारू नये’ अशी चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीची कल्पना त्यांचीच होती. सहीचा रकाना त्यांनी काढला नाही, फक्त त्याच्या शेजारी ‘उणे ओळी’ असा आणखी एक आखून घेतला.